वस्तू गेली, पाटी राहिली

संग्रहालयात गेल्यावर माणसं वस्तू कमी बघतात आणि पाट्या जास्त वाचतात, असं माझं फार दिवसांचं निरीक्षण आहे. मूर्तीकडे क्षणभर बघायचं, मग खाली वाकून पाटी वाचायची, 'अकरावं शतक' असं स्वतःशीच पुटपुटायचं आणि समाधानानं पुढं सरकायचं. पाटी नसली की माणूस गडबडतो. समोरचं जुनं की नवं, दुर्मिळ की सर्रास, हळहळायचं की नाही, काहीच ठरत नाही. अशा मंडळींची जुन्नर तालुक्यात दोन हजार वर्षांपूर्वीच उत्तम सोय झालेली आहे. नाणेघाटात नुसत्या पाट्याच आहेत. वस्तू नाहीत.

कोकणातून चढून आलेली वाट जिथं देशावर पाय टाकते, तिथं कातळात हे लेणं खोदलेलं आहे. डाव्या-उजव्या भिंतींवर सातवाहनांच्या नागनिका राणीचा ब्राह्मी लिपीतला लांबलचक लेख. कोणकोणते यज्ञ केले, किती गायी, किती घोडे, किती हत्ती, किती कार्षापण दक्षिणा दिली, त्याचा सगळा हिशेब. त्यातले आकडे भारतातल्या सर्वांत जुन्या लिहिलेल्या आकड्यांत मोडतात. कार्याचा खर्च चारचौघांना कळेल अशा बेतानं सांगायची आपली हौस किती जुनी आहे, त्याचाही हा पुरावाच. पण मला त्याहून समोरची भिंत आवडते. तिथं राजघराण्यातल्या आठ जणांचे पुतळे ओळीनं कोरलेले होते आणि प्रत्येकाच्या डोक्यावर नाव. राजा सिमुक सातवाहन. देवी नायनिका, म्हणजे ही नागनिकाच, आणि राजा सातकर्णी. कुमार भायल. मग एक नाव पुसलं गेलेलं. मग महारठी त्रनकयिर, कुमार हकुसिरी, कुमार सातवाहन. आज पुतळे गेले. पावलांच्या खुणा तेवढ्या कुठं कुठं उरल्यात. नावं मात्र अजून जागच्या जागी आहेत.

हे दालन कशासाठी होतं? घाट चढून दमलेल्या व्यापाऱ्यानं वर आल्या आल्या कोणाच्या राज्यात पाऊल टाकलंय ते बघून घ्यावं, एवढं साधं कारण असावं, असं मला वाटतं. बाहेर मोठा दगडी रांजण आहे, तो जकातीचा असं सांगतात. म्हणजे आधी जकात टाका, मग राजाचं दर्शन घ्या. तिकीटखिडकी आणि दालन यांचा क्रम तेव्हापासून बदललेला नाही.

मेलेल्या राजांचे पुतळे एकत्र ठेवायची चाल तेव्हा इकडे तिकडे असणार. मथुरेजवळ माट इथं कुषाण राजांचं असं देवकुल सापडलं आहे. आणि भासाच्या 'प्रतिमानाटका'त तर सगळा पेच अशाच एका घरात होतो. भरत आजोळाहून परत येतो आहे, वडील गेल्याचं त्याला कोणी सांगितलेलं नाही. अयोध्येबाहेर तो सहज प्रतिमागृहात शिरतो. तिथला रखवालदार एकेक पूर्वज दाखवत जातो आणि शेवटचा पुतळा निघतो दशरथाचा. भरत विचारतो, जिवंत माणसांचेही पुतळे इथं ठेवतात का? नाही, फक्त गेलेल्यांचे, असं उत्तर येतं आणि भरत मूर्च्छित पडतो. आपल्या वाङ्मयातला हा पहिला गाइड. त्याच्या पाठांतरात चूक नव्हती, समोर कोण उभं आहे तेवढं त्यानं विचारलं नव्हतं. गाइड लोकांत हा दोष पुढंही राहिला.

पाटीचा मान मात्र नाणेघाटाला पहिला देता येत नाही. 1925 साली इराकमध्ये उर शहराच्या उत्खननात लिओनार्ड वूली एका खोलीत उतरले आणि चक्रावले. एकाच फरशीवर वेगवेगळ्या शतकांतल्या वस्तू शेजारी शेजारी पडलेल्या. मग मातीचा एक लहान दंडगोल हाती लागला. त्यावर एका जुन्या विटेवरच्या मजकुराची नक्कल होती आणि ती वीट कुठं मिळाली याची नोंद. ही खोली होती बाबिलोनचा राजा नबोनिडस याची मुलगी एन्निगाल्दी-नन्ना हिची. अडीच हजार वर्षांपूर्वी बाईंनी त्यांच्या काळातही जुन्या झालेल्या वस्तू जमवल्या आणि वर चिठ्ठी लावली. जमवणारे पुष्कळ असतात. चिठ्ठी लावणारी घरात एखादीच निघते.

नाव लिहायची हौस जुन्नरच्या लेण्यांतही ठायी ठायी दिसते. मानमोडीच्या लेण्यांत नहपान राजाचा अमात्य अयम याचं नाव आहे. इरिला नावाच्या यवनानं पाण्याच्या दोन पोढ्या, म्हणजे दोन टाकी खोदून दिली आणि तसं कोरून ठेवलं. चिट नावाच्या दुसऱ्या यवनानं संघाला भोजनमंडप दिला. दूर कुठून आलेली ही माणसं जुन्नरच्या बाजारात कमावती झाली आणि गावासाठी काहीतरी करून मगच त्यांनी भिंतीवर नाव घातलं. हल्ली लेण्यांत बाणाच्या बदामाखाली जी नावं कोरलेली दिसतात, त्यातल्या एकानंही टाकं सोडा, पाण्याचा माठसुद्धा दिल्याचं ऐकिवात नाही.

मग मध्ये कित्येक शतकं कोणी त्या पाट्या वाचल्याच नाहीत. लिपी विसरली गेली, लेण्यांना पांडवांची म्हणायला लागले, आणि पांडव म्हटल्यावर पुढं विचारायचं काही राहतच नाही. 1828 साली विल्यम साइक्स हा साहेब नाणेघाटात फिरत आला आणि त्यानं लेखाची दखल घेतली. पण खरे कष्ट पुढं पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी घेतले. हे जुनागढचे. मुंबईत डॉक्टर भाऊ दाजी लाड यांच्याकडे राहून त्यांनी पश्चिम भारतातली लेणी पालथी घातली, शिळांवरचे लेख उतरवून घेतले, नाणेघाटातल्या आकड्यांवर तर स्वतंत्र निबंध लिहिला. भाऊ दाजींनी ज्याच्यासाठी खटपट केली ते मुंबईचं संग्रहालय 1872 साली लोकांना खुलं झालं, राणी व्हिक्टोरिया आणि तिच्या नवऱ्याच्या नावानं. 1975 साली त्याला भाऊ दाजींचं नाव दिलं. 1922 साली उघडलेल्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमचंही 1998 साली छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय झालं. इथं वस्तू राहिल्या आणि दारावरची पाटी बदलली. मला दोन्ही बदल योग्यच वाटतात. फक्त रिक्षावाल्याला अजून जुनी नावं सांगावी लागतात.

साहेबाच्या देशातही संग्रहालय म्हणजे पहिल्यांदा थोरामोठ्यांचं कपाट होतं. देवमाशाचा दात, दोन डोक्यांचं वासरू, लांबच्या देशातल्या राजाचं पागोटं, सगळं एकाच खोलीत. पाहुण्यांनी बघून थक्क व्हायचं आणि यजमानानं थक्क होणाऱ्यांकडे बघायचं. ऑक्सफर्डचं अॅशमोलियन 1683 साली पैसे भरून कोणालाही बघता येऊ लागलं. 1710 साली तिथं उफनबाख नावाचे एक जर्मन विद्वान गेले तर नेमका बाजाराचा दिवस. खेड्यापाड्यातली माणसं आत शिरलेली, जिथं तिथं हात लावतायत, सहा पेन्स टाकले की बायकांनाही वर सोडतायत! विद्वान वैतागून गेले. ब्रिटिश म्युझियम 1759 साली उघडलं तेव्हा तिकीट फुकट होतं, पण त्यासाठी आधी लेखी अर्ज करून थांबावं लागे. लूव्हर 1793 साली खुलं झालं, तेही राजाला गादीवरून काढल्यावर. संग्रहालयाचा इतिहास म्हणजे बाजाराच्या दिवशी आलेल्या माणसाला आत घ्यायचं की नाही, या एकाच वादाचा इतिहास आहे, असं माझं मत होत चाललंय.

जुन्नरजवळच्या लेण्याद्रीला हा वाद वेगळ्याच थाटात चालतो. गिरिजात्मज गणपती अष्टविनायकांपैकी एक, आणि तो बसलाय बौद्ध लेण्यांच्या रांगेतल्या एका विहारात. लेणी पुरातत्त्व खात्याची, त्यामुळं पायथ्याशी तिकीट.

"देवाला तिकीट?" एक काका विचारतात.

"देवाला नाही काका, लेण्यांना."

"आम्हाला लेणी बघायचीच नाहीत."

"मग डोळे मिटून चढा," मागच्या रांगेतून कोणीतरी सुचवतं.

काका तिकीट काढतात. वर पोचल्यावर मात्र गणपतीचं दर्शन घेऊन ते शेजारच्या चैत्यगृहातही डोकावतात, कारण पैसे भरलेत. अशा रीतीनं तिकीट हेच आपल्याकडे इतिहासाचं प्रमुख प्रेरणास्थान ठरतं.

बाजाराच्या दिवशीच्या माणसाची खरी बाजू महाराष्ट्रात कोणी घेतली असेल तर ती दिनकर केळकरांनी. घरचा चष्म्यांचा धंदा, 'अज्ञातवासी' नावानं कविता. त्यांनी वाडे, बाजार, जुना बाजार पालथा घालून राजाची तलवार नव्हे, तर राणीचा आणि तिच्या दासीचाही अडकित्ता शोधला. दिवे, दौती, पानदानं, वज्र्या, शेवयांचे साचे, कुलपं. पत्नी कमलाबाईंनी त्यांना साथ दिली. लहानपणी गेलेल्या मुलाच्या नावानं त्यांनी पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालय उभं केलं आणि वीसेक हजार वस्तूंचा तो सगळा पसारा पुढं सरकारला देऊन टाकला. मला विचाराल तर उरच्या त्या राजकन्येनंतर या धंद्यातला इतका मोठा फरक दुसऱ्या कोणी केला नाही. वापरून झिजलेली वस्तू बघायला लोक रांग लावतील, हे त्यांना लोकांच्या आधी कळलं.

अर्थात सगळ्याच लोकांना नाही. माझी आजी घोडेगावच्या पश्चिमेकडची, डोंगरातली. तिला आम्ही हौसेनं केळकर संग्रहालयात नेलं. ती प्रत्येक काचेपुढं थांबायची आणि म्हणायची, "हे तर आपल्या माळ्यावर पडलंय." दिव्यांच्या दालनात तिचा चेहरा गंभीर झाला. आम्हाला वाटलं, भारावली. तिनं पदर सावरून हळूच विचारलं, "एवढं पितळ काळं पडलंय, ह्यांच्याकडं चिंच न्हाई का रं?" मग एका मापापाशी ती बराच वेळ उभी राहिली. पाटीवर 'धान्य मोजण्याचे माप' एवढंच होतं. "मापटं आहे का चिपटं, ते लिव्हलं न्हाई," ती म्हणाली. "वाण्यानं फसवलं असतं ह्या पाटी लिव्हणाऱ्याला." आजीचा हा शेरा मला अजून संग्रहालयशास्त्रातला सर्वांत नेमका शेरा वाटतो.

घरी आल्यावर आम्ही माळ्यावर चढलो. पण पायलीपासून चिपट्यापर्यंतची मापं मोडीत जाऊन स्टीलची पातेली आलेली, नऊवारी बोहारणीकडं गेलेल्या, मोटेचं चाक कोणी नेलं ते कोणालाच आठवेना. एक इरलं तेवढं होतं, त्याचीही पानं झडून नुसता सांगाडा राहिलेला. आजी खाली उभी राहून जे नाही त्याची नावं सांगत होती. नाडा, सोंदूर, कणगी, मुसळ. वस्तू गेल्या होत्या, पाट्या तिच्या तोंडात होत्या.

गेल्या काही वर्षांत मात्र या वस्तूंचे दिवस पालटले. 2018 साली जुन्नर हा राज्यातला पहिला पर्यटन तालुका म्हणून जाहीर झाला. त्याच्या आगेमागे शेतावर मुक्कामाची घरं निघाली. दारात बैलगाडी, पण बैल नाहीत. ओसरीवर कंदील, आत बल्ब. अंगणात जातं, आणि त्यावर दळून बघायची शहरातल्या पाहुण्यांची झुंबड. ज्या बाईनं उभी हयात पहाटे उठून फुकट दळलं, तिच्यासमोर कोणी पैसे मोजून दोन मुठी ज्वारी भरडतं, घामाघूम होतं आणि फोटो काढून घेतं. बाई कोपऱ्यात बसून हसत असते. मला यात नाव ठेवण्यासारखं काही दिसत नाही. उलट इथं हात लावायला मनाई नाही, आणि मापटं कोणतं, चिपटं कोणतं हे सांगायला पाटीऐवजी माणूस आहे. उफनबाख बुवा मात्र इथं पुन्हा एकदा वैतागले असते.

पाटी खोटी असू शकते, याचीही जाणीव ठेवलेली बरी. शिवनेरीवर ज्यांचा जन्म झाला त्या महाराजांची म्हणून सांगितली जाणारी वाघनखं 2024 च्या जुलैमध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमनं तीन वर्षांच्या बोलीवर साताऱ्याला पाठवली. ग्रँट डफ साताऱ्याला रेसिडेंट असताना ती त्याला पेशव्यांच्या प्रधानाकडून मिळाली, असं पेटीवर लिहिलेलं आहे. म्युझियमवाले म्हणतात, पेटीवर तसं लिहिलंय खरं, पण आम्ही खात्री देऊ शकत नाही. पेटीवर तो मजकूर नसता तर सातासमुद्रापलीकडं ती पोलादी नखं कोणी ओळखलीही नसती. सगळं वजन चार ओळींचं.

आणि वयाचं तर विचारूच नका. जुन्नर तालुक्यात बोरी इथं कुकडीच्या काठी ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे आणि त्या थराच्या संगतीनं आदिमानवाची दगडी हत्यारं सापडली. डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी त्यावर काम केलं. राखेचं वय एकदा चौदा लाख वर्षं निघालं, एकदा पावणेसात लाखांच्या आसपास, तर काहींच्या मते ती सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची, म्हणजे फक्त पाऊण लाख वर्षांची. आपल्याकडे शाळेत नाव घालताना मास्तर सगळ्या पोरांची जन्मतारीख एक जून लावून मोकळे व्हायचे, तसा कोणी मास्तर बोरीला असता तर हा वाद उद्भवलाच नसता. त्या हातकुऱ्हाडीच्या मालकानं काम झाल्यावर ती टाकून दिली असणार. तिच्यावर पाटी लावावी असं त्याला वाटलं नाही, त्याचे हे परिणाम.

बोरीहून खोडद लांब नाही. तिथं जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तबकड्या आकाशाकडं तोंड करून उभ्या आहेत. सगळ्या मिळून तीस, आसपासच्या पंचवीसेक किलोमीटरांत विखुरलेल्या. या तबकड्यांनी टिपलेली, 8.8 अब्ज वर्षांपूर्वी एका दीर्घिकेतून निघालेली हायड्रोजनची लहर 2023 साली जाहीर झाली. याहून जुनी चीज तालुक्यात कोणाच्या माळ्यावर नाही. 28 फेब्रुवारीला विज्ञान दिनी इथं प्रदर्शन भरतं, शाळांच्या गाड्याच्या गाड्या येतात, पोरं आपापली मॉडेलं मांडतात. शेजारच्या वावरात कांदा नाहीतर टोमॅटो. विद्वान आणि बाजारकरी असे एका जागी आलेले मी दुसरीकडं फारसे पाहिले नाहीत.

याच तालुक्यातल्या आळे गावाचंही सांगायला हवं. इतर संग्रहालयांत जनावराच्या कातड्यात भुसा भरून त्याला काचेत उभं करतात. आळ्याला ज्ञानेश्वरांच्या रेड्याची समाधी आहे आणि लोक तिथं नमस्कार करतात. ज्यानं वेद म्हटले त्याला एवढा मान मिळायलाच हवा. भुसा भरायचं इथं कोणाच्या मनातही आलं नाही, ही माझ्या लेखी मोठी गोष्ट आहे.

राहता राहिलं शेजारचं आंबेगाव. ज्याच्या नावानं तालुका आहे ते गाव आज डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. कचेऱ्या घोडेगावात, मोठा बाजार मंचरला, आणि आंबेगाव कागदावर. सातबाऱ्यावर, दाखल्यावर, एसटीच्या आगाराबाहेरच्या बोलण्यात तालुका आंबेगावच. जलाशयाला नाव दिलंय हुतात्मा बाबू गेनूंचं. ते याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे, 12 डिसेंबर 1930 रोजी मुंबईत परदेशी कापडाच्या ट्रकपुढं आडवे झाले. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की जुन्या गावाच्या खुणा वर येतात आणि म्हातारी माणसं काठावरून बोट करून सांगतात: इथं वेस, इथं देऊळ, इथं आमची पडवी. नाणेघाटात कातळावर नावं उरली, इथं ती माणसांच्या तोंडात उरलीत. कातळ अजून दोन हजार वर्षं टिकेल. म्हाताऱ्यांचं तसं नाही.

तेव्हा येत्या दिवाळीत माळा आवरायला काढलात तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी घरातल्या थोरल्या माणसाला खाली खुर्ची टाकून बसवा. एकेक वस्तू दाखवा. काय म्हणतात, कोणाची, कुठून आली, कशाला वापरायचे, ते विचारा आणि चिठ्ठीवर लिहून दोऱ्यानं वस्तूला बांधा. वस्तू ठेवायला जागा नसेल तर देऊन टाका, पण चिठ्ठी ठेवा. आणि लिहायचं ते पेन्सिलीनं लिहा, शाई उडून जाते.